जॉइन होणाऱ्याची खूण

हैदराबादेत, नारायणगुड्याच्या त्या छोट्या ऑफिसात तो शिरला, तेव्हा बाहेर ऊन-पावसाची फुगडी रंगली होती. माणसांना नोकऱ्या आणि नोकऱ्यांना माणसं शोधून देणं, हे त्रिवेणीचं काम. तिचा फोन कानालाच होता. तिने समोरच्या खुर्चीकडे बोट केलं, फोन ठेवला आणि वर न बघताच विचारलं, "नोटीस पिरियड किती?"

"माझा?... दोन महिने."

"आताची नोकरी कैकू सोडताय?"

"अजून सोडली नाही. पण तुम्ही इतकं गोड विचारताय, तर... विचार करतो."

तिने मान वर केली. भिजले केस, गालात दाबलेलं हसू—

"मी कौस्तुभ. पुण्याहून आलोय. उमेदवार शोधणारं सॉफ्टवेअर बसवायला."

आतल्या खोलीतून ऑफिसच्या मालकीण शैला मॅडम खळखळून हसल्या. त्रिवेणीचे कान लाल झाले.

सॉफ्टवेअर मोठं गुणी निघालं. हजारो बायोडेटांतून नेमकी माणसं वेचून द्यायचं, चहा निवायच्या आत. त्रिवेणीने मोकळेपणी दाद दिली. "पण माणूस सापडला म्हणजे आला, असं नाही हो. ऑफर घेतात, गोड बोलतात, आणि जॉइन व्हायच्या दिवशी फोन बंद!"

"मग येणारा कसा ओळखता?"

"पगारावरच घुटमळला, तो येत नाही. 'तिथं घर मिळेल का, नळाला पाणी कधी येतं' विचारायला लागला, की समजायचं... मन आधीच पोचलं."

"हे सॉफ्टवेअरमध्ये कसं घालू?"

"नक्को, घालू नका! माझ्यासाठी काही ठेवा की."

मग रोज एका स्क्रीनपुढे दोन खुर्च्या, आबिड्स चौकातला चहा, कोपराला हलकेच लागणारं कोपर. स्वतःचं मन त्रिवेणीला स्वच्छ कळलं होतं. त्याचं? गोड बोलणारे तिने फार पाहिले होते.

काम संपलं. शुक्रवारी त्याने बॅग खांद्याला लावली. दारापर्यंत गेला... आणि वळला.

"त्रिवेणी, इकडे नळाला पाणी कधी येतं?"

तिच्या छातीत काही तरी लकाकलं. पण ती कसलेली होती. "खूण मीच शिकवली. पाठ केलेलं उत्तर चालत नाही इथं!"

"माहीत होतं. म्हणून सकाळीच मागच्या गल्लीत घर बघून आलो. घरमालकीण म्हणाली, लग्न झालेल्यांनाच देते. मी म्हटलं..." त्याचा आवाज अडखळला, "विचारून सांगतो."

आतल्या खोलीतलं टाइपिंग थांबलं.

"आणि इथं नोकरी?" तिने विचारलं.

"ती शोधणारी ओळखीची आहे."

"हौ, ती तर संध्याकाळपर्यंत शोधून देते." तिने पायानेच खुर्ची पुढे सरकवली. "बस. नोटीस पिरियड किती म्हणालास?"

"दोन महिने."

"बहोत झाले," ती म्हणाली. आणि मग, त्याच्या डोळ्यांत थेट बघत, "...पण थांबते मी."