सात सेकंदांची खोली

संग्रहालयात मी एकवीस वर्षं वायरमन आहे. चित्रातलं मला कळत नाही. कुठला दिवा तापतोय ते कळतं.

यंदाच्या प्रदर्शनात एक गोल खोली होती. भिंतींना आतून जाड करडं कापड, छताला माइक, समोर स्पीकर. काही बोललं की सात सेकंदांनी आपलाच आवाज परत यायचा आणि पुसला जायचा. दारावरच्या पाटीवर ‘स्मृती आणि अवकाश यांचा संवाद’ असलं काहीबाही लिहिलेलं. लोक आत जाऊन शिट्ट्या मारायचे.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी बायको डबा द्यायला आली. दुसऱ्या दिवशी तिचं ऑपरेशन होतं. मी रजा मागितली होती. संग्रहालय चालवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, ‘‘पाहुणे आल्यावर दिवे कोण बघणार?’’ मी गप्प बसलो. गप्प बसण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

बायकोने खोलीत उभं राहून घसा खाकरला. सात सेकंदांनी खोली खाकरली.

‘‘तुमच्यापेक्षा बरी आहे,’’ ती म्हणाली. ‘‘निदान उत्तर तरी देते.’’

मग दारातून मागे वळून, ‘‘येते हं.’’

आली नाही. गाठ साधी होती, भूल जास्त झाली म्हणे. मी त्या वेळी शिडीवर चढून एका पुतळ्याच्या नाकावर दिवा वळवत होतो.

पंधरा दिवसांनी कामावर आलो. जेवणाच्या सुट्टीत माइक तपासायला त्या खोलीत शिरलो. तोंडातून शब्दही काढला नव्हता.

स्पीकरमधून आलं, ‘‘येते हं.’’

सगळे जोड तपासले. घट्ट होते. यंत्र बसवणाऱ्या इंजिनिअरला बोलावलं.

‘‘काका, यात काही साठतच नाही. सात सेकंद झाले की साफ.’’

तेवढ्यात पुन्हा आवाज आला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मागे पाहिलं.

‘‘बाई कोण आहेत आत?’’

मी म्हटलं, मला तेवढं फोनमध्ये घेऊन दे. माझ्याकडे तिचा आवाज कुठेच नाही. त्याने तीनदा घेतला. तिन्ही वेळा फोनमध्ये फक्त आमचे श्वास निघाले. तो परत त्या दालनात फिरकला नाही.

मी रोज दुपारी जायचो. डबा उघडायचो नाही, नुसता बसायचो. एकदा धीर करून विचारलं, ‘‘कधी?’’

सात सेकंदांनी माझाच ‘कधी’ परत आला. केवढा म्हातारा झालो होतो.

प्रदर्शन संपलं. मॅडमना विनवलं, खोली तळघरात राहू द्या, माझ्या बायकोचा आवाज आहे त्यात.

त्यांनी समोरची फाइल मिटली. ‘‘तुम्ही आठवडाभर रजा घ्या,’’ म्हणाल्या. ‘‘फक्त आधी तेवढं खोलीचं कनेक्शन काढून जा.’’

आता मिळाली रजा.

भर दुपारी प्लग उपटला. स्पीकरचा लाल दिवा विझला. उभा राहिलो. काही नाही. कापड माझा श्वाससुद्धा गिळत होतं.

वायर कोपराभोवती गुंडाळली आणि निघालो. निघताना तोंडातून गेलं, ‘‘येतो.’’

जन्माची सवय. ‘जातो’ कोण म्हणतं?

दारात पाय अडला. नकळत आकडे मोजले गेले.

पाच. सहा.

प्लग माझ्या मुठीत होता.

‘‘कधी?’’ तिने विचारलं.