मुलगा : काही नाही

डॉ. हेमांगी रणपिसे यांनी मंगळवारी सकाळी रंगनाथ काटवटे यांना कोयत्यानं ठार मारलं. चार वार लागले. पण हे घडलंच नाही असं आपण तूर्त धरू, कारण सोमवारी दुपारी कुणी सांगितलं असतं तर खुद्द हेमांगीबाईही हसल्या असत्या.

सोमवारी त्या जिल्ह्याच्या प्रतिशोध कक्षात धाकट्या भावाला घेऊन त्याचा रक्त-दाखला घ्यायला आल्या होत्या. कायदा सोपा होता. मेलेल्याच्या 'रक्ताच्या वारसा'नं महिन्याभरात मारणाऱ्याला मारायचं. नाही मारलं तर हक्क उलटतो, म्हणजे मारणाऱ्यानं वारसाला मारायचं. हक्कानं मारलं की माणूस मोकळा, बिनहक्कानं मारलं की जन्मभर सक्तमजुरी. काटवट्यांनी हेमांगीबाईंच्या वडिलांना, आबांना, हक्कानं मारलं होतं, त्याला उद्या महिना होत होता. भाऊ दिगंबर महिनाभर केळीच्या खोडांवर हात साफ करत होता.

"दिगंबररावांना दाखला नाही मिळायचा," कक्षाचे कारकून कुलथे म्हणाले. "ते वारसात बसत नाहीत. बाई, तुम्ही बसता."

"मी?"

"तुमचंच संशोधन आहे की."

होतं. सव्वीस वर्षांचं. कायद्यात 'रक्त' असं लिहिलेलं, आणि प्रतिशोध समितीनं ठरवलं की रक्त म्हणजे जे लाल दिसतं ते. पांढऱ्या पेशी बाद. पंचाईत अशी, की लाल पेशी तयार होताना आपलं केंद्रक बाहेर टाकून देते. केंद्रकाबरोबर गुणसूत्रंही जातात. मग ती कुणाची लेक, हे विचारायचं कुणाला? हेमांगीबाईंनी तिच्या अंगावर उरलेलं एक प्रथिन पकडलं. केंद्रक जाण्याआधी एक्स गुणसूत्राच्या हुकमानं बनलेलं, भाडेकरू गेला तरी दारावर राहिलेल्या पाटीसारखं. त्याला नाव पडलं क्ष-खूण. बाप मुलीला आपलं एक्स देतोच, म्हणून खूण असलेल्या बापाच्या प्रत्येक मुलीत ती उतरतेच. मुलाला मात्र बाप देतो वाय. मुलाचं एक्स आईकडचं.

"मुलाबद्दल ही चाचणी काही सांगत नाही, असं मी तळटिपेत लिहिलं होतं," हेमांगीबाई म्हणाल्या. "सांगत नाही म्हणजे नातं नाही असं नव्हे."

कुलथ्यांनी भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केलं. 'मुलगी : वारस. मुलगा : काही नाही.'

"तळटीप मावेना हो. सारांश घेतला."

"म्हणजे मी आबांचा कुणीच नाही?" दिगंबरनं विचारलं.

"लाल भागापुरते नाही. मन लहान करू नका."

दिगंबरनं बहिणीच्या हातात कोयता दिला. "ताई, मनगट सैल ठेव."

मंगळवारी कक्षामागच्या मैदानात काटवट्यांना हात मागे बांधून बसवलं होतं. पहिला वार खांद्यात रुतला. कोयता उपसायला पाय लावावा लागला. दुसऱ्यानं कान गेला.

"बाई, तुम्ही शिकलेल्या ना?" काटवटे कण्हत म्हणाले. "मग मान कुठं असते ते ठाऊक असेल."

तिसरा जबड्यावर बसला, त्यामुळे पुढचं बोलणं राहिलं. चौथा मानेत. हेमांगीबाईंच्या चष्म्यावर रक्त उडालं आणि सवयीनं त्यांच्या मनात आलं, एका थेंबात पंचवीसेक कोटी लाल पेशी, आणि केंद्रक एकीलाही नाही.

कुंपणापाशी काटवट्यांचा मुलगा धाय मोकलून रडत होता. त्याच्या शेजारी चार बहिणी उभ्या होत्या. त्या रडत नव्हत्या. थोरली हेमांगीबाईंची मान निरखून बघत होती.

"चौघींचे नमुने सकाळीच घेतले," कुलथे म्हणाले. "चौघींतही खूण. तुमचं काम पक्कं आहे, मानलं पाहिजे. चौघींचा समान हक्क. दाखले संध्याकाळी पाचला."

"आणि मी बिनहक्काची असते तर?"

"मग साधा खून. जेलमध्ये निवांत. तिथं कुणाला आत सोडत नाहीत."

"जेल मिळायला काय लागेल?"

कुलथ्यांनी तक्ता पुन्हा एकदा वाचला. "मुलगा असावं लागेल."

हेमांगीबाईंनी चष्मा पुसला, कागद मागितला आणि उभ्याउभ्याच लिहिलं :

'प्रति, मा. अध्यक्ष, प्रतिशोध समिती. विषय : लिंगनोंदीत दुरुस्ती. महोदय, मी आजवर मुलगी होते, ही माझ्याकडून झालेली चूक आहे. तरी मला जन्मतारखेपासून मुलगा समजून, आबांशी माझे काही नाते नाही असे प्रमाणित करावे, व आज सायंकाळी पाचच्या आत जन्मभर सक्तमजुरी मंजूर करावी, ही नम्र विनंती.'