थोरलीच्या अंगावरचं तांबं

आम्ही तिघं निघालो ते थोरलीला शोधून परत आणायला, आणि हातात तीनच दिवस होते. मेराबांग बंदराबाहेर, दाढा नावाच्या खडकांपलीकडे, आमची सात गलबतं आठवडाभर खोळंबली होती. पिण्याचं पाणी संपल्याचं निशाण त्यांनी डोलकाठीवर चढवलं होतं. चौथ्या दिवशी दक्षिणेचं वादळ येणार होतं. आणि त्यातल्या एका गलबतावर माझा धाकटा भाऊ जारान होता. बाकीच्यांची काळजी नव्हती असं नाही. पण खोटं कशाला बोलू, त्याचीच जास्त होती.

दाढांमधली वाट फक्त थोरलीला, समुद्रातल्या त्या अजस्र जनावराला, ठाऊक. गलबताएवढं अंग, लांबलचक मान आणि स्वभाव अगदी गरीब. तीनशे वर्षं ती पुढे पोहायची आणि गलबतं तिच्या मागून आत यायची. सुखरूप पोचलेल्या प्रत्येक गलबतामागे तिच्या वल्ह्यासारख्या परांत तांब्याचं एक कडं घालायचं, ही आमची रीत. गेली चाळीस वर्षं हा मान वेरूकाकांचा होता. वाट पाठ करून ठेवावी, असं मात्र आमच्या शहाण्या शहराला कधी सुचलं नाही! यंदा थोरली आलीच नाही, तेव्हा सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले.

तिवरांच्या बनातून कण्हण्याचा आवाज येतो, असं खेकडे धरणाऱ्यांनी सांगितलं होतं. आम्ही तिकडेच होडी घातली. मी, वेरूकाका आणि तोबे लोहार. तोबेचे हात जितके चालत त्याहून तोंड जास्त चाले.

पहिला दिवस मुळांच्या जाळ्यातून होडी ओढण्यातच गेला. कमरेएवढ्या चिखलात उतरायचं, खांदा लावायचा, दहा हात पुढे सरकायचं. कालवांच्या धारेने पायांची सालटं निघाली. दुसऱ्या दिवशी मी चिखलातला ओंडका समजून ज्याच्यावर पाय दिला, तो ओंडका हलला! सुसर! तिने जबडा उघडला. तोबेने वल्हं आडवं घातलं. कडाड्! वल्ह्याचे दोन तुकडे झाले. तेवढ्यात काकांनी माझी वेणी धरून मला होडीत ओढलं. पुढचा तासभर तोबे त्या वल्ह्याच्या नावाने गळे काढत होता. माझा जीव वाचल्याबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी थोरली सापडली. एका अरुंद खाडीत ती कुशीवर पडली होती, निम्मी चिखलात. दोन्ही परांवर कड्यात कडी, थरावर थर, हिरवं पडलेलं तांबं. त्यातली कितीतरी तिवरांच्या मुळांत अडकली होती. भरतीला ती उचलली जायची, वजनाने पुन्हा खाली बसायची. झटापटीच्या खुणा दोन्ही काठांवर होत्या.

वेरूकाका तिच्यापाशी गुडघे टेकून बसले. एकेक कडं चाचपत राहिले. मग म्हणाले, "ह्या हातांनी घातली गं. गाणी म्हणत घातली."

काकांनी आपणहून तोबेची छिन्नी मागितली आणि पहिलं कडं स्वतः तोडलं. मग आम्ही तुटून पडलो. घाव, कडं, घाव, कडं! एकही कडं चिखलात टाकायचं नाही, असं काकांनी बजावलं होतं. होडी काठोकाठ भरत आली. दुपारी उधाणाचं पाणी चढू लागलं. शेवटचं एक कडं उरलं, तेव्हा तोबेने माझा हात धरला.

"हे राहू दे, सुले. ह्यात दोर ओवू आणि नेऊ हिला बंदरावर. गलबतं आत आली की मग सोडू."

बोलणं खुळ्यासारखं नव्हतं. मी काकांकडे पाहिलं.

"भाऊ तुझा आहे," काका म्हणाले. "तूच ठरव."

त्या कड्याभोवतीचं मांस पार सोललेलं होतं. दोर ओढला असता तर पर फाटला असता. थोरली माझ्याकडे बघत होती आणि धापा टाकत होती. माझ्या डोळ्यांपुढे जारानचे कोरडे ओठ आले. मला तिचा रागही आला, अगदी खरा राग. तरीही मी छिन्नी कड्यावर टेकवली आणि घाव घातला.

पाणी चढलं. थोरली एकदा हलली, पुन्हा हलली आणि सुटली! आमच्याकडे न पाहता ती खाडीतून खुल्या पाण्यात गेली, आणि तिथून थेट दाढांकडे. खोल समुद्रात जायचं तर तिलाही तीच वाट होती. तिच्या अंगावरचा चिखल धुतला जात होता. निळ्या पाण्यावर एक पिवळट पट्टा उमटत चालला होता, वळणं घेत, खडकांमधून!

"मार वल्हं!" मी ओरडले. उधाणाने मुळं बुडाली होती, होडी आता अडत नव्हती.

पट्टा विरत होता. प्रत्येक वळणावर काका आम्ही वाटेत पिऊन टाकलेलं एक रिकामं शहाळं दोराने कड्यांच्या जुडीला बांधत आणि खूण म्हणून पाण्यात सोडत. तांबं तळाला, शहाळं वर. दोन्हीकडे लाटा फुटत होत्या. एकदा होडीचा तळ खडकाला घासला आणि तोबे चक्क गप्प झाला. शेवटचं शहाळं पडलं तेव्हा दाढा आमच्या मागे होत्या. थोरलीची मान दूर क्षितिजापाशी दिसली, मग दिसेनाशी झाली.

वादळाची पहिली काळी रेघ दक्षिणेला उठली, तेव्हा मी जारानच्या गलबताच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, उभी होते आणि शहाळी बघून ओरडत होते. "डावीकडे! आता सरळ!" मागून सहा गलबतं एकामागे एक येत होती. सातही आत आली.

जारानला उभं राहवत नव्हतं. मी पाण्याचं भांडं त्याच्या तोंडाला लावलं. दोन घोट घेऊन त्याने विचारलं, "ताई, थोरली कुठाय?"

"गेली," मी म्हणाले. "मी सोडली तिला. तू बाहेर असताना सोडली."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने भांडं माझ्याकडे सरकवलं, आधी तू पी म्हणून. तेव्हा मात्र मला रडू आवरेना.