मांगूर, पण कोणता?

"ओढलं! खाली ओढलं त्याले!" सुमंत बांधावरून किंचाळला.

वैभवीने सायकल तशीच आडवी टाकली आणि धाव घेतली. धाकट्या तलावात बदकीण क्वॅक-क्वॅक करत पिल्लांना घेऊन काठाकडे पळत होती. सगळ्यात मागचं पिल्लू मात्र नव्हतंच! तिथे फक्त पाण्याचे गोल तरंग पसरत होते.

"मगर आहे! मी शेपूट पाहिलं!" सुमंत म्हणाला.

"मगर? आपल्या वसाहतीत, सेक्टर सहामध्ये?" यामिनी हसली, पण हसता हसता चांगली मागे सरकली.

दिवाळीची सुट्टी लागली होती. आठवीतली वैभवी, तिचा पाचवीतला चुलतभाऊ सुमंत आणि शेजारच्या क्वार्टरमधली यामिनी, तिघांचा मुक्काम सध्या याच बांधावर असे. बांधाच्या एका बाजूला मोठा तलाव. त्यात कमळं, पाणकोंबड्या आणि चिमुकल्या माशांचे थवे. दुसऱ्या बाजूचा धाकटा तलाव मासे वाढवायला रूपेश ठेकेदाराकडे दिलेला. त्यात कमळं नव्हती, बेडूक नव्हते, आणि आता पिल्लंही नाहीशी होऊ लागली होती!

तिघं धावत देवेंद्रकाकांकडे गेली. तलाव समितीचे अध्यक्ष काका मोठ्या तलावाच्या काठावर मांडव घालून घेत होते.

"मगर-बिगर काही नाही!" काका वैतागले. "उद्या मोठ्या तलावात रूपेशकडचं मांगूर माशांचं बी, म्हणजे पिल्लं सोडायची आहेत. मत्स्य विभागाच्या मॅडम येऊन राहिल्या. तुम्ही कावून अफवा पसरवता?"

"धाकट्यातही मांगूरच आहेत, पोट्टेहो," शेजारी उभा असलेला रूपेश गोड हसला. "एकदम देसी! बिचारे चिखलात पडून राहतात."

वैभवीच्या डोक्यात मात्र चक्र सुरू झालं. बाजारात तिने मांगूर पाहिला होता. वीतभर, फार तर हातभर. तो बदकाचं पिल्लू गिळेल?

"सुमंत, गळ आण!"

कणकेची गोळी लावून धाकट्या तलावात गळ टाकला, तसा असा हिसका बसला की सुमंत पाण्यातच जायचा! यामिनीने त्याची कंबर धरली, वैभवीने काठी धरली. "खींच! जोर से!" ओढाताण करत शेवटी एक काळाकरडा, मिशाळ राक्षस काठावर येऊन धपकन आदळला. सुमंतच्या पायाएवढा लांब!

"हात नको लावू, काटे असतात!" यामिनीने माशावर ओला टॉवेल टाकला. तिघांनी मिळून त्याला पाणी भरलेल्या टबात लोटलं.

वैभवीने नूतनमावशीला व्हिडिओ कॉल लावला. मावशी पद्मनाभपुरला राहायची आणि दुर्गच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची.

"मावशी, हा कोण आहे?"

"मी नाही सांगणार. तुम्हीच शोधा!" मावशीचे डोळे चमकले. "मिशा मोजा. पाठीवरचा पर पाहा."

"मिशा आठ! पर पार शेपटीपर्यंत लांब!"

"शाब्बास! म्हणजे याचं घराणं क्लॅरियस. हे झालं आडनाव. प्रत्येक जीवाच्या शास्त्रीय नावात आधी आडनाव असतं, मग त्याचं स्वतःचं नाव. आता एकाच घराण्यातल्या भावंडांना वेगळं कसं ओळखाल? डोकं पाहा."

"मोठं आहे, चपटं. वरून खरखरीत दिसून राहिलं, वाळू चिकटवल्यासारखं," सुमंत टबावर वाकून म्हणाला.

"अंगावर संगमरवरासारखे डाग आहेत," यामिनी म्हणाली.

"आणि डोक्याची खालची बाजू?"

मासा उसळला, तेवढ्यात वैभवीला दिसलं. "पांढरी! आणि दोन काळे पट्टे!"

मावशी खुर्चीतून उठलीच. "क्लॅरियस गॅरिपिनस! हा मूळचा आफ्रिकेतला, इथे थाई मांगूर म्हणून ओळखला जाणारा. आपला देसी तो क्लॅरियस मागुर. बाजारात दोघांनाही मांगूरच म्हणतात, आणि त्यातच लोक फसतात! अगं, याच्या पालनावर देशभर बंदी आहे. मोठ्या तलावात गेला तर मासे, बेडूक, काही शिल्लक ठेवणार नाही!"

तिघं टब ओढत मांडवाकडे धावली. पण रूपेशने उद्या सोडायच्या बियाच्या ड्रममधलं माशाचं बोटभर पिल्लू शांतपणे ओंजळीत घेऊन दाखवलं. "कुठे आहे खरखरीत डोकं? कुठे आहेत पट्टे?"

खरंच नव्हते! सुमंतचा चेहरा पडला. देवेंद्रकाकांनी "घरी जा आता!" म्हणून हात झटकले.

"लहानपणी त्या खुणा दिसतच नाहीत," मावशीने फोनवर सांगितलं. "मी सकाळी येते. पण ती पिल्लं त्याच मोठ्या माशांची आहेत, हे कबूल कोण करणार?"

वैभवी विचार करत राहिली. मग एकदम उडी मारून म्हणाली, "रूपेशकाकाच करतील! त्यांना फुशारकी मारायला किती आवडते!"

दुसऱ्या दिवशी मांडव भरला. मत्स्य विभागाच्या वंदना मॅडम पुढे बसल्या. वैभवीने स्वागताचे दोन शब्द बोलण्यासाठी माइक मागून घेतला आणि गोड आवाजात म्हणाली, "आजचे खरे हिरो रूपेशकाका! काका, तुमची पिल्लं किती मोठी होतात?"

रूपेश फुलला. "वर्षाच्या आत तीन-तीन किलो!"

वंदना मॅडमनी भुवया उंचावल्या.

"बापरे! आणि हे बी तुम्ही बाहेरून आणलं?" वैभवीने पुढे विचारलं.

"बाहेरून कशाला? माझ्याच तलावातल्या माशांचं आहे! कोंबडीच्या दुकानातलं उरलंसुरलं खाऊन असे तयार झालेत ना..."

"असे?" यामिनी आणि सुमंतने कालच्या टबावरचं जाळं सर्रकन ओढलं. मासा फाडकन उसळला आणि देवेंद्रकाकांच्या नव्या कुर्त्यावर पाणी उडालं!

वंदना मॅडम ताडकन उठल्या, टबात डोकावल्या. "हा थाई मांगूर आहे! एकही ड्रम उघडायचा नाही!"

"पण... परवानगी मांगूरचीच आहे!" रूपेश चाचरला.

"कोणत्या मांगूरची?" वैभवीने माइकवरूनच विचारलं. "क्लॅरियस मागुरची, का क्लॅरियस गॅरिपिनसची?"

रूपेश हळूच ड्रमांमागे सरकला. मागच्या रांगेत उभ्या नूतनमावशीने अशी शिट्टी मारली की सगळा मांडव वळून बघू लागला!

ड्रम जप्त झाले. रूपेशचा ठेका गेला. देवेंद्रकाका ओला कुर्ता पिळत तिघांसमोर आले. "पोट्टेहो, चुकलं माझं. नाव ऐकलं अन् मान डोलावली, मासा काही पाहिला नाही. तुम्ही नसता तर मीच टाळ्या वाजवत तलाव मारला असता."

"तिघांनाही आमच्या ऑफिसात बोलावणार आहे," वंदना मॅडम म्हणाल्या. "एवढं नीट निरीक्षण मोठ्यांनाही जमत नाही."

दोन दिवसांनी नूतनमावशीच्या देखत धाकट्या तलावात जाळं फिरलं. एकामागून एक राक्षस बाहेर येत होते आणि सुमंत प्रत्येकाला "चल निकल!" म्हणून ओरडत होता. शेवटच्या खेपेला जाळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी छोटंसं वळवळलं.

"थांबा!" वैभवी खाली वाकली. डोकं लहान, गुळगुळीत. अंग एकसारखं तपकिरी. हनुवटीखाली पट्टे नाहीत. पण पिल्लातही पट्टे नसतातच! तिने तो मावशीपुढे केला.

मावशीने मासा निरखून पाहिला, उलटा करून पाहिला, पुन्हा पाहिला. मग मान हलवली. "पिल्लू नाही हे. पूर्ण वाढलेला आहे. आपलाच! कसा काय वाचला कोण जाणे."

वैभवीने मासा पाण्याच्या बादलीत सोडला, बादली दोन्ही हातांनी उचलली, बांध ओलांडला आणि कमळांच्या सावलीत अलगद तिरकी केली.

"जा, क्लॅरियस मागुर," ती हळूच म्हणाली.

शेपटीचा एक फटकारा, आणि तो मोठ्या तलावात दिसेनासा झाला.