सकाळी काय खाल्लंस?

त्या दिवशी रान्वाला एका जागी बसवत नव्हतं. भूशिराच्या कड्यावर लोमवी पक्षी अंड्यांवर बसले होते, आणि या उन्हाळ्यात तुम्मासमामाने पहिल्यांदाच तिला काठावरचं काम दिलं होतं. उत्तर अटलांटिकमधल्या फेरोच्या त्या बेटावर हे काम कुणालाही देत नाहीत. एकजण स्वतःला दोराला बांधून घेऊन अंडी काढायला कड्याखाली उतरतो, बाकीचे मागे गवतात टाचा रोवून दोर धरतात, आणि एकजण अगदी कडेला पालथा पडून खालचं बघत राहतो. खालून तीन हिसके आले की वर ओढायचं. माणूस काठाशी आला की काठावरच्याने त्याचं मनगट धरायचं.

आज दोरावर तिचा धाकटा भाऊ एयदुन होता.

निघताना तो उभ्या-उभ्याच काल रात्रीचं माशाचं थंड डोकं चोखत होता.

"बसून खा रे! माणसासारखं."

"ताई, बसलो तर मामा ताटात अजून वाढेल. मग दोर तुटेल."

मामा हसला नाही. दाराशी खुंटीवर टांगलेला दोर त्याने खांद्यावर घेतला. याच कड्यावर रान्वाचे बाबा गेले होते. एयदुन तेव्हा रांगत होता. दोर रिकामा वर आला होता, एवढंच तिला आठवत होतं. आणि ती सकाळ. घरामागची रूबार्बची आंबट देठं तोडून तिने पहिल्यांदाच खीर केली होती आणि ती खाली लागली होती. बाबांनी हसत सगळी संपवली होती. "आईला सांगू नकोस हं," म्हणाले होते. तिने कधीच कुणाला सांगितलं नाही.

भूशिरावर पोचण्याआधीच आवाज आला. हजारो पक्षी एकदम घुरघुरत होते, जणू कड्याच्या पोटात कुणी मोठं जातं फिरवत होतं. मग वास आला, मासळीचा आणि विष्ठेचा, डोळ्यांत पाणी आणणारा. रान्वा कडेला पालथी पडली आणि तिला हसूच फुटलं. खाली कपारी-कपारींत काळ्या पाठी, पांढरी पोटं, नुसती गर्दी! वारा तोंडावर आपटत होता. छातीखालचा दगडसुद्धा धडधडतोय असं तिला वाटलं.

"पोरी," मामा मागून म्हणाला, "धुकं आलं तर प्रश्न विचारायचा. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे, मामा. सकाळी काय खाल्लंस?"

"आणि उत्तर बरोबर आल्याशिवाय हात द्यायचा नाही. आपण होऊन उत्तर बोलायचं तर नाहीच. काही झालं तरी."

"दरवर्षी तेच!" दोर धरलेला शेजारी बिली म्हणाला. "अख्ख्या गावाला माहीत आहे, हा पोरगा माशाचं डोकं खातो."

"गावाला माहीत असू दे," मामा म्हणाला. "कड्याला नको."

एयदुन उतरला. पहिली टोपली भरून वर आली. हिरवट-निळी अंडी, एका टोकाला निमुळती, अजून गरम. रान्वाने एक गालाला लावून पाहिलं. दुसरी टोपली खाली गेली आणि तेवढ्यात समुद्रावरून धुकं चढलं. आधी पाणी दिसेना, मग कपारी, मग तिची स्वतःचीच बोटंही पुसट झाली. आणि पक्षी गप्प झाले. सगळे, एकदम.

दोराला तीन हिसके बसले.

"ओढा!" ती ओरडली.

दोर सरकू लागला. जड होता. धुक्यातून एक हात वर आला, विष्ठेने पांढराफटक झालेला. तो गवतात चाचपडू लागला.

"एयदुन... सकाळी काय खाल्लंस?"

खालून श्वास ऐकू आला. मग हळू आवाज, थोडा हसरा.

"रूबार्बची खीर... खाली लागलेली."

रान्वाच्या अंगावर काटा आला. पण खरं सांगायचं तर ती नुसती भीती नव्हती. छातीत काहीतरी आनंदाने उसळलं. हात पुढे करावा, ते मनगट धरावं, एकदाच... पण दोराला भाऊ बांधला होता.

"नाही!" ती रडत ओरडली. "नाही, बाबा! माझ्या भावाने माशाचं डोकं खाल्लंय! त्याला वर येऊ द्या!"

हात थांबला. बोटं एकेक करून गवतातून सुटली.

"काय झालं गं?" मागून मामाचा आवाज. "दोर हलका लागतोय!"

"थांबा... जरा थांबा..."

मग पुन्हा तीन हिसके. पुन्हा वजन. पुन्हा हात.

"सकाळी काय खाल्लंस?"

"माशाचं डोकं," एयदुन म्हणाला.

तिने दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं आणि त्याला ओढून गवतात घेतलं. ती हसत होती, रडत होती, त्याच्या पाठीत गुद्दे मारत होती. "आयुष्यभर माशाची डोकी खा, मेल्या!" बिलीने शिट्टी वाजवली. धुकं विरलं आणि पक्ष्यांनी पुन्हा कालवा मांडला. मामाने विचारलं, "मी सांगितलं तसंच केलंस ना?" तिने घाईने मान डोलावली.

संध्याकाळी मामा अंडी वाटायला शेजारी गेला. ऊन अजून दारात होतं. रान्वाने एयदुनपुढे अंडी आणि भाकर ठेवली. तो बाकावर नीट टेकून बसला होता. त्याने ताट हळूच बाजूला सारलं.

"घरामागे रूबार्ब आला असेल ना?" तो म्हणाला. "खीर कर. पण या वेळी खाली लागू देऊ नकोस हं."

रान्वाच्या हातातला चमचा तसाच राहिला.

तिच्या पाठीमागे, दाराशी, खुंटीवर गुंडाळून ठेवलेला दोर हलला. तीन हिसके.

ती धावली. तिने दोर दोन्ही हातांनी धरला. त्याचं मोकळं टोक तिच्या पायाशी जमिनीवर पडलं होतं, कशालाच न बांधलेलं.

तरी दोराला वजन होतं.