वेळेआधीची घंटी

"माझ्या भावानं जीव दिला नाही," ताई दारातूनच म्हणाली. "त्याला ढकललंय. आणि पोलीस म्हणतात, परीक्षेला घाबरला!"

वहिनींनी तिला बसवलं. खासगी तपास हा वहिनींचा धंदा; येणारे-जाणारे सगळेच त्यांना वहिनी म्हणायचे. सोबतीला दीर, निवृत्त ड्रायव्हर. भाऊजींची गाडी भरधाव पळायची, डोकं मात्र पहिल्या गिअरमध्ये.

"फौजदाराच्या लेखी परीक्षेत गेल्या वेळी नापास झाला. पाणी प्यायला उठला आणि शेवटची गणितं राहिली. यंदा वयाच्या अटीमुळे शेवटची संधी. म्हणून दर रविवारी खोलीतच खऱ्यासारखी परीक्षा. खोलीतला जोडीदार पर्यवेक्षक. त्यानं घंटी दिल्याशिवाय हा पठ्ठ्या घराला आग लागली तरी उठायचा नाही."

"शेवटचं काय बोलला?"

"म्हणाला, वर्दीच्या आधीच एक गुन्हा हाती लागलाय, तोही ओळखीतल्याचा. रविवारी शेवटचं समजावतो, नाहीतर तक्रार." ताईनं वहिनींचा हात धरला. "आईनं अन्न सोडलंय, वहिनी. तिला काय सांगू? पोरगं हरून गेलं?"

तिसऱ्या मजल्यावरची खोली पोलिसांनी लगेच सील केली होती. हवालदारानं ती उघडली. टेबलावर टोपण लावलेलं पेन. गॅलरीचा कठडा जेमतेम गुडघ्याएवढा. उत्तरपत्रिका मात्र दारापाशी स्टुलावर, पालथी, वर पेपरवेट, शेजारी पितळी घंटी.

वहिनींनी उत्तरपत्रिका उलटली. शेवटचं, गणितांचं पान कोरं.

"अरेच्चा, हे आम्ही पाहिलंच नाही," हवालदार ओशाळला.

"बघा, धीर सुटला," भाऊजी म्हणाले.

"सुटला खरा. कुणाचा, ते बघू."

खाली घरमालकीण गुडघे शेकत बसली होती. "जिना चढणं कधीच सुटलं, बाई. रविवारी वर घंटी झाली की मी पोरांसाठी चहा टाकते. त्या दिवशी माझा कुकरसुद्धा झाला नव्हता, आणि घंटी! म्हटलं, आज कसली घाई? थोड्या वेळानं धप्पकन आवाज आला."

तो जायचा त्या क्लासचे सर चिडले. "हो, म्हणालो होतो मी, तू कसला फौजदार होतोस! पण तेव्हा मी भरल्या वर्गात शिकवत होतो. विचारा त्या कार्ट्यांना."

जोडीदारही त्याच परीक्षेला बसणारा. खोली सील झाल्यापासून बोळातल्या खाटेवर राहत होता. उशाशी पुस्तकं, इतकी करकरीत की एकमेकांना चिकटलेली पानंही सुटी झाली नव्हती.

"मी वाचनालयात होतो. त्याला म्हटलं, आज एकटाच लिही. परत आलो तर खोलीला सील. बिचारा! गणितं पुन्हा कोरी राहिली, तिथंच खचला."

संध्याकाळी वहिनींनी सगळ्यांना वर बोलावलं. घरमालकिणीला भाऊजींनी खुर्चीसकट उचलून आणलं, आणि पुढचा अर्धा तास ते कंबर धरूनच उभे होते.

"भाऊजी, परीक्षेला बसलेला मुलगा स्वतःचा पेपर गोळा करतो?"

"छे! ते पर्यवेक्षकाचं काम."

"मग पेपर स्टुलावर पालथा घालून वजन कुणी ठेवलं?"

"माझ्याकडे काय बघता?" सर ओरडले.

"तुम्ही वर्गात होता, आणि मालकीणबाईंचे गुडघे तुम्ही पाहताच आहात." वहिनी जोडीदाराकडे वळल्या. "तू आला होतास. तुला धीर धरवला नाही, घंटी लवकर दिलीस, तो पेन ठेवून उठला. तुम्ही गॅलरीत बोलत उभे राहिलात. आणि सवयीनं तू पेपर मात्र आधीच गोळा केला होतास."

"मी वाचनालयात..."

"मग गणितं कोरी राहिली, हे तुला कुणी सांगितलं? पेपर पालथा, खोलीला सील. हवालदारांनाही ठाऊक नव्हतं."

तो दाराकडे सरकला; हवालदार आडवा आला.

"तुझ्या पुस्तकांची पानं अजून चिकटलेलीच आहेत. वाचणार कशाला? तुझ्या जागी तोतया बसणार होता. हिच्या भावाला ते कळलं."

"गप्प राहा, एवढंच त्याच्याकडे मागत होतो. ऐकेना, म्हणून ढकललं," तो पुटपुटला. "माझीही शेवटचीच संधी होती."

हवालदारानं त्याला खाली नेलं. ताई टेबलामागच्या भावाच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली.

"घंटी लवकर झाली, हे माझ्या भावाला कळलं नसेल?"

"कळलं असणार. पान कोरं होतं ना समोर. पण घंटी झाली की पेन खाली, हा नियम."

ताईनं पेन उचललं, टोपण घट्ट बसलंय का ते पाहिलं.

"मग आईला सांगते," ती म्हणाली, "हरून नाही गेला. ड्युटीवर गेला."