मी सांगेन तेव्हा ठेवा

टेलिफोन खात्यात वीस-बावीस वर्षं काढली की माणसाचा भुतावर विश्वास उरत नाही, ओलाव्यावर बसतो. फोनमध्ये खरखर आहे? ओलावा. मधेच भलत्याचं बोलणं ऐकू येतं? ओल्या वायरी एकमेकींना टेकल्या असतील. माझे वरिष्ठ मला ‘ओलावा रुपराव’ म्हणत. म्हणोत बापडे, दहातल्या नऊ तक्रारी मी त्या ओलाव्यावरच मिटवल्या होत्या.

त्यामुळे माघातल्या थंडीत सक्करदऱ्याच्या मनोहररावांची तक्रार आली, तेव्हा मी सायकल काढली ती निवांतपणे. बोलता बोलता फोन कटतो, एवढीच तक्रार होती. मनोहरराव संत्र्यांचे आडते. दिल्लीचा भाव कळावा म्हणून त्यांनी घरी फोन घेतला होता, पण त्या फोनपाशी बसून असायच्या त्या त्यांच्या पत्नी, वच्छलाबाई. एकुलती एक मुलगी प्रेमिला भिलाईला दिलेली, पहिलंच बाळंतपण, आणि तिला डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही अशी ताकीद दिलेली. शेजाऱ्यांचा फोन लांब दोरीने तिच्या पलंगापर्यंत यायचा, जावई ट्रंककॉल लावून द्यायचा. आठ-आठ दिवस वाट पाहून लेकीचा आवाज यायचा आणि मधेच फोन बंद पडायचा.

“साहेब, पोरगी तिकडं एकटी हाये,” त्या म्हणाल्या. “तिचं बोलणं तं पुरं होऊ द्या.” मग माझ्याकडे जरा रोखून पाहत म्हणाल्या, “तुमचा आवाज कुठंतरी ऐकल्यासारखा वाटते.”

“साऱ्या नागपूरचाच आवाज असा आहे बाई,” मी म्हणालो.

यंत्र उघडून पाहिलं. स्क्रू आवळले, दोरी बदलली. खिडकीपाशी खारीने वायर कुरतडली होती, ती सांधली. खारीला दोन शिव्या दिल्या आणि चहा पिऊन परतलो. आठवड्याने पुन्हा तीच तक्रार. या वेळी खांबापासून घरापर्यंतची सगळी वायर नवी टाकली. तरी तक्रार आलीच. एक्स्चेंजमधून तपासून घेतलं, तर लाइन आरशासारखी साफ. माझी मतीच गुंग झाली. साहेबांनी विचारलं, “काय रुपराव, ओलावा?”

फाल्गुनात तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता तो प्रश्न मी विचारला.

“बाई, कटतो म्हणजे नक्की काय होतं? आवाज बारीक होत जातो, की टक्कन बंद पडतो?”

“कटत नाही जी. तुमचा माणूस ठेवा म्हणते, तं ठेवा लागते नं.”

“कोणता माणूस?”

“खात्याचा. मधातच बोलते, ‘टेस्टिंग चालू आहे, रिसीव्हर ठेवा.’ सरकारी काम, आपण कसं अडवावं?”

मी डोक्याला हात लावला. एवढे दिवस मी वायरी बदलत होतो, आणि फोन ठेवत होत्या या बाई स्वतः! ते वाक्य आम्हा सगळ्यांचंच. चाचणी करताना दिवसातून पन्नासदा म्हणतो. पण ट्रंककॉल चालू असताना मधे घुसून कुणी म्हणत नाही. मी खात्यात सगळ्यांना विचारलं. सक्करदऱ्याच्या त्या खांबावर माझ्याशिवाय कुणी गेलंच नव्हतं.

पुढच्या खेपेला त्यांना आणखी खोदून विचारलं. आवाज कसा आहे?

“वाऱ्यात उभा राहून बोलल्यासारखा. मागं घंटी वाजते, गोळावाल्याची असते तशी.”

हा आवाज माघापासूनचा, त्या थंडीत बर्फाचा गोळा कोण विकणार! मी हसलो.

“अन् एकदा तं भलतंच म्हणे. ‘शामला, ठेव आता.’ आमच्या घरी कोणी शामला नाही.”

“आमच्या घरी आहे,” मी म्हणालो. “माझी बायको. पण शामला काय, गल्लीगल्लीत सापडतील.” हे बोललो खरं, पण त्या दिवशी चहा न घेताच निघालो.

चैत्रात तार आली. प्रेमिलाची तब्येत बिघडली होती. त्याच दिवशी ऑपरेशन करायचं होतं, आणि आईशी बोलल्याशिवाय आत जाणार नाही असं तिने धरलं होतं. दुपारी दवाखान्यातून फोन येणार होता. मनोहररावांनी मला बोलावून घेतलं आणि स्वतः भिलाईची गाडी पकडायला स्टेशनवर धावले. जाताना माझा हात धरून म्हणाले, “आज तरी कटू देऊ नका गा.”

मी ठरवलं, आज चोर पकडायचा. खांबावर चढून त्यांच्या तारांना माझ्या टेस्टच्या फोनचे चिमटे लावायचे, म्हणजे दोन्हीकडचं बोलणं ऐकू येईल आणि मधे कोण घुसतो तेही कळेल. वच्छलाबाईंना बजावून सांगितलं, “कुणी काहीही म्हणो, रिसीव्हर ठेवायचा नाही. मी सांगेन तेव्हाच ठेवा.”

“बरं जी.”

ऊन रणरणत होतं. खांबावर वारा होता, तोही गरम. तळ्याकडून झळा येत होत्या. आत घंटी वाजली. मी कानाला फोन लावला.

“आई?” मुलीचा आवाज अगदी थकलेला होता.

“हो वं माय. बोल. घाबरू नको. बाबा निघाले.”

“आई, एक सांगू? बाबाले नको सांगू...”

तेवढ्यात माझ्या कानात कुणीतरी श्वास घेतला.

पुरुषाचा श्वास. जड, धापा टाकल्यासारखा. मागे वारा. आणि बारीकशी घंटा.

आला!

माझं डोकं तापलं. तो कोण, कुठून बोलतो, हे विचारायचं होतं. पण वीस वर्षांची सवय जिभेवर बसलेली.

“कोण आहे? टेस्टिंग चालू आहे, रिसीव्हर ठेवा!”

टक्.

त्याने ठेवला, असं मला वाटलं.

“आई?” प्रेमिला म्हणाली. “आई? आई?”

मग ऑपरेटरने लाइन काढून घेतली.

खाली रस्त्यावरून गोळ्याची गाडी चालली होती. गाडीवाला घंटा वाजवत होता.

वच्छलाबाई पदर सावरत दारात आल्या. वर पाहिलं.

“काहून ठेवायले सांगितलं जी? बोलून राहिली होती ती.”

“तुम्हाला नाही हो... मी त्याला...”

“तुम्हीच तं म्हटलं, मी सांगीन तवा ठेवा.” आणि मग थांबून, अगदी हळू म्हणाल्या, “तोच आवाज.”

खूप खटपट केली, पण लाइन पुन्हा मिळाली नाही. बाळ वाचलं, प्रेमिला गेली. तेराव्यानंतर मी भेटायला गेलो, तेव्हा वच्छलाबाईंनी एवढंच विचारलं, “तुम्ही ऐकत होते नं? काय सांगत होती ती?” सायकल हातात धरून मी घरापर्यंत पायी आलो. त्या फोनची तक्रार नंतर कधीच आली नाही.

याला आता दहा-बारा वर्षं होतील. पुढे बढती मिळाली आणि घरी खात्याचा फोन बसला. त्या फोनवर मी कुणालाही ‘ठेव’ म्हणत नाही. बोलणं संपलं की गप्प राहतो, पलीकडचा कंटाळून ठेवतो. घरचे हसतात. मला त्याची लाज वाटत नाही, भीती वाटते. आमची मुलगी पुष्पलता यंदा रायपूरला दिली, तेव्हापासून तर जास्तच.

मागच्या रविवारी सकाळी मी अंगणात दाढी करत होतो. शामला आतून तणतणत आली.

“काहून जी, पोरीशी बोलून राहिली होती मी, अन् मधातच ‘शामला, ठेव आता’ म्हणता? मंग ठेवला मी.”

आमच्या घरात फोन एकच आहे. माझ्या तोंडाला साबणाचा फेस होता. शामलाने तो पाहिला, मागे वळून फोनकडे पाहिलं, आणि तिचा राग कुठच्या कुठे गेला.

“काय म्हणत होती पुष्पी?” मी विचारलं.

“काही नाही. ‘आई, एक सांगू? बाबाले नको सांगू,’ एवढंच म्हणाली.”